लॅपटॉपला डेस्कटॉपचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड जोडायचंय, नेमकं काय लागेल?

तारबेतार (प्रश्न)

मंडळी, जरा मदत हवी आहे. माझ्या डेस्कटॉपमध्ये एक पीसीआय एक्सप्रेस ऑडिओ कार्ड (म्हणजे मदरबोर्डवरच्या स्लॉटात बसणारं) आहे, आठ इनपुट आठ आउटपुटवालं, मागून एक जाड केबल निघते आणि पुढे तिला सगळे कनेक्टर फुटतात तसलं. कार्ड एकदम ठणठणीत आहे, आवाज स्वच्छ, ड्रायव्हरसुद्धा आत्ताच्या विंडोजवर व्यवस्थित चालतो. पण डेस्कटॉप आता काढून टाकतोय, कारण रेकॉर्डिंग दरवेळी वेगळ्या ठिकाणी असतं आणि तो टॉवर उचलून न्यायचा म्हणजे फार होतं. फक्त स्लॉट नाही म्हणून एवढं चांगलं कार्ड अडगळीत टाकायला जीव होत नाही.

लॅपटॉप दोन आहेत. एक जुना, त्याच्या बाजूला एक्सप्रेसकार्डचा (बाहेरून छोटी कार्डं सरकवायचा) स्लॉट आहे, रुंदवाला. दुसरा नवीन, त्याला दोन यूएसबी-सी पोर्ट आहेत, एक डावीकडे एक उजवीकडे. नेटवर शोधलं तर एक छोटा बोर्ड दिसतो, त्याच्यावर पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट आणि त्याला निळी यूएसबी केबल, अगदी स्वस्तात मिळतोय. हा घेतला आणि यूएसबीत खोचला की काम होईल का? आणि बाहेरून जोडल्यावर लेटन्सी वाढते का, कारण गाणारा हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकत असतो, तिथे उशीर अजिबात चालत नाही. पुढेमागे व्हिडिओ कॅप्चर कार्डही घ्यायचा विचार आहे, म्हणजे एकदाच काय ते नीट घेतलेलं बरं.

लोहचुंबक

तो निळ्या केबलवाला बोर्ड घेऊ नका!! आधी हे सांगतो मग बाकीचं.

त्याला रायझर म्हणतात. तो डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरच्या छोट्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्ड लांब नेण्यासाठी बनवलेला असतो, क्रिप्टो मायनिंगवाले एका बोर्डवर खूप ग्राफिक्स कार्डं लावायचे त्यासाठी त्याचा खप झाला. त्यात यूएसबी ३ ची केबल वापरतात ती फक्त एवढ्यासाठी की त्या केबलमध्ये वेगवान सिग्नलला लागणाऱ्या वायरच्या जोड्या आयत्या मिळतात. आतून जातं ते पीसीआय एक्सप्रेस, यूएसबीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टात लावलात तर कार्ड दिसणार तर नाहीच, वर पोर्टाला भलत्याच पिनांवर भलतंच काहीतरी मिळेल. विकणारे वर्णनात सरळ यूएसबी टू पीसीआय एक्सप्रेस लिहितात आणि लोक फसतात, याचा खरंच राग येतो.

मध्यरात्र

लोहचुंबक यांच्याशी १००% सहमत. आता यूएसबी-सीचं बोलू, कारण तुमचं उत्तर बहुतेक तिथेच आहे.

यूएसबी-सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे. त्या भोकामागे नुसतं यूएसबी २ असू शकतं, यूएसबी ३ असू शकतं, डिस्प्ले असू शकतो, किंवा पीसीआय एक्सप्रेस बाहेर आणलेलं असू शकतं, आणि तुम्हाला यातलं शेवटचं पाहिजे. ते दोन नावांनी येतं, थंडरबोल्ट आणि यूएसबी४. थंडरबोल्ट २०११ साली १० गिगाबिटने सुरू झालं, दुसऱ्या आवृत्तीत २० झालं, २०१५ च्या थंडरबोल्ट ३ पासून यूएसबी-सीचं कनेक्टर आणि ४० गिगाबिट. थंडरबोल्ट ४ चा वेग तोच पण अटी कडक केल्या, म्हणजे थंडरबोल्ट ३ च्या काळात काही लॅपटॉपवाले कंट्रोलरला पीसीआय एक्सप्रेसच्या दोनच लेन (डेटाच्या वाटा) द्यायचे आणि ते नियमात बसायचं, ४ मध्ये तसं करता येत नाही. यूएसबी४ मध्ये मात्र पीसीआय एक्सप्रेस देणं लॅपटॉपवाल्यासाठी ऐच्छिक ठेवलंय, त्यामुळे तिथे तुमच्या मॉडेलचं स्पेसिफिकेशन काढून वाचायचंच, नुसतं यूएसबी४ लिहिलंय यावर जाऊ नका, थंडरबोल्ट ३ ची साधनं चालतात असं स्पष्ट लिहिलेलं शोधा.

पोर्टाशेजारी विजेचं चिन्ह बघा, बाण असलेली वीज. पण थांबा, वीज जर बॅटरीच्या चित्रात असेल तर त्याचा अर्थ चार्जिंग, थंडरबोल्ट नव्हे, हे दोन्ही गडबडीत सारखंच दिसतं. त्यापेक्षा डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि सिस्टम डिव्हाइसेसमध्ये थंडरबोल्ट कंट्रोलर किंवा यूएसबी४ होस्ट राउटर अशी काही ओळ आहे का बघा. दोन्ही पोर्ट सारखेच असतील असंही धरून चालू नका, पुष्कळ लॅपटॉपांत एक बाजू पूर्ण असते आणि दुसरी साधी.

पोर्ट बरोबर निघाला तर मग थंडरबोल्टचा पीसीआय एक्सप्रेस बॉक्स घ्यायचा. आत खरा स्लॉट असतो, स्वतःचा पॉवर सप्लाय असतो, कार्ड बसवलं, केबल जोडली, की विंडोजला ते कार्ड मदरबोर्डवर असल्यासारखंच दिसतं, ड्रायव्हरही तोच लागतो. लेटन्सीची काळजी करू नका, यूएसबीत भाषांतर होत नाही, पीसीआय एक्सप्रेसचीच पाकिटं केबलमधून जातात, त्यातला जास्तीचा उशीर तुमच्या ऑडिओ बफरच्या (आवाज क्षणभर साठवून ठेवण्याच्या) उशिरापुढे काहीच नाही.

वेगाचा हिशोबही बघा ना. आठ आत आठ बाहेर, १९२ किलोहर्ट्झवर, प्रत्येक सॅम्पलला ४ बाइट धरले तरी दोन्ही दिशा मिळून सेकंदाला सव्वाबारा एमबी. पहिल्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसची एक लेन एका दिशेला २५० एमबी देते. म्हणजे तुमच्या ऑडिओ कार्डाला वेग कधीच कमी पडणार नाही, कुठल्याही मार्गाने जोडलंत तरी. कॅप्चर कार्डाची गोष्ट वेगळी. १०८० चं ६० फ्रेमवालं व्हिडिओ कॉम्प्रेस न करता ८ बिट ४:२:२ (रंगाची माहिती निम्मी ठेवणाऱ्या) स्वरूपात घेतलं तर सेकंदाला जवळपास २५० एमबी होतं आणि फोर-के ६० फ्रेमला त्याच्या चौपट, साधारण १ जीबी. थंडरबोल्ट ३ त्यालाही पुरतं, कारण ४० गिगाबिटपैकी पीसीआय एक्सप्रेसच्या डेटाला प्रत्यक्षात २२ च्या आसपास मिळतात, ते पावणेतीन जीबीच्या घरात जातं.

तारबेतार

बापरे, एवढं सविस्तर, मनापासून आभार दोघांचे. रायझर कार्टमधून काढला.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघितलं, यूएसबी४ होस्ट राउटर अशी ओळ आहे. दोन पोर्टांपैकी डावीकडच्याच पोर्टाशेजारी ४० लिहिलंय, उजवीकडे नुसतं डिस्प्लेचं चिन्ह. मॅन्युअल शोधतो. पण बॉक्स जरा महाग प्रकरण दिसतंय, म्हणून विचारतो की जुन्या लॅपटॉपच्या एक्सप्रेसकार्डमधून हेच काम होणार असेल तर ते आधी करून बघू का?

जुनीपेटी

होईल की! एक्सप्रेसकार्डबद्दल आता कोणी विचारत नाही म्हणून हा प्रश्न बघून फार बरं वाटलं.

त्या स्लॉटच्या २६ पिनांमध्ये पीसीआय एक्सप्रेसची एक लेन आणि यूएसबी २ असं दोन्ही असतं, कार्ड बनवणारा जे पाहिजे ते वापरतो. म्हणूनच एक्सप्रेसकार्ड यूएसबीला लावायचे जे अडॅप्टर मिळतात त्यांवर काही कार्डं चालतात आणि काही मेल्यासारखी पडून राहतात, चालतात ती आतून यूएसबीवाली. तुम्हाला पाहिजे ते याच्या उलट आहे, एक्सप्रेसकार्डमधून पीसीआय एक्सप्रेस स्लॉट. तसे अडॅप्टर मिळतात, एक पातळ कार्ड लॅपटॉपमध्ये जातं, मग केबल, आणि पलीकडे स्लॉटवाला बोर्ड, त्याला वेगळी वीज द्यावी लागते. वीज वेगळी का, तर एक्सप्रेसकार्डच्या पिनांवर ३.३ आणि १.५ व्होल्टच येतात, १२ व्होल्ट येतच नाहीत आणि डेस्कटॉपच्या कार्डांना १२ लागतात. याच कारणाने एक्सप्रेसकार्डच्या फायरवायर (यूएसबीसारखीच एक जुनी जोडणी) कार्डांना बाजूला एक छोटं पॉवरचं भोक असायचं, ते रिकामं ठेवलं की फायरवायरवर चालणारी उपकरणं वीजच घ्यायची नाहीत आणि लोक ड्रायव्हरला दोष देत बसायचे.

तुमचा रुंद स्लॉट म्हणजे ५४ मिलिमीटरवाला, पण खरं कनेक्टर दोन्ही प्रकारांत सारखंच, ३४ रुंदीचं. अडॅप्टर ३४ चा आला तरी बसतो, फक्त मोकळ्या जागेमुळे हलतो आणि केबलला जरा धक्का लागला की संपर्क तुटतो. रेकॉर्डिंगच्या मध्ये असं झालं तर टेक गेलाच. म्हणून केबल टेबलाला टेपने पक्की चिकटवा, अडॅप्टरवर ओढ येता कामा नये.

एक नक्की तपासा, तो स्लॉट खरंच एक्सप्रेसकार्ड आहे की त्याच्याही आधीचा पीसी कार्डवाला. जुने लॅपटॉप असले की यात गल्लत होते. पीसी कार्ड म्हणजे लोक ज्याला पीसीएमसीआयए म्हणायचे ते, पूर्ण ५४ रुंद, आत दोन ओळींत ६८ बारीक पिना. त्यातला कार्डबस हा प्रकार ३२ बिट पीसीआय होता, एक्सप्रेस नव्हे, आणि कार्डबसची कार्डं कनेक्टरच्या बाजूला सोनेरी पट्टी आणि तिच्यावरच्या बारीक उंचवट्यांवरून ओळखू येतात. तसा स्लॉट असेल तर तुमच्या कार्डाचा विषयच संपला. एक्सप्रेसकार्डच्या आत टॉर्च मारलात तर उभ्या पिनांचं जंगल दिसत नाही, एका बाजूला अरुंद चपटं कनेक्टर दिसतं. आणि रुंद स्लॉटमध्ये अरुंद कार्ड सरळ आत जावं म्हणून तिरपा मार्गदर्शक तुकडा असतो, तो दिसला की नक्की.

कॅप्चर कार्ड मात्र या रस्त्याने नको. मध्यरात्र यांनी हिशोब दिलाच आहे, २५० एमबी कागदावर, त्यातून पाकिटांचा खर्च वजा जातो, १०८० चं ६० फ्रेम बसणार नाही.

पायरी_पायरी

मला वेगळंच विचारायचंय. एवढं सगळं करण्यापेक्षा एक चांगला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घेतला तर? आठ इनपुटचे भरपूर आहेत, एक केबल, ड्रायव्हर चालू आहेत, पिशवीत मावतो. बॉक्स, कार्ड, फुटलेली जाड केबल, बॉक्सचा अडॅप्टर, हे सगळं बाहेरगावी वाहून न्यायचं म्हणजे टॉवर सोडून दुसरं ओझं घेतल्यासारखंच. कार्डावर प्रेम असणं ठीक आहे पण काम काय आहे ते बघून ठरवा असं माझं स्पष्ट मत.

लोहचुंबक

पायरी_पायरी, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि फक्त ऑडिओ असता तर मीही तेच म्हणालो असतो. पण त्यांना कॅप्चर कार्डही घ्यायचंय, तेव्हा तोच बॉक्स कामी येईल. आणि चांगले मायक्रोफोन प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारे) त्यांच्याकडे आधीच असतील तर कार्ड लाइन लेव्हल, म्हणजे तो वाढवलेला सिग्नल, घेऊन मोकळं होतं, नवीन इंटरफेसमध्ये पुन्हा प्रीअँपचे पैसे जातात. मी म्हणेन जुन्या लॅपटॉपवर एक्सप्रेसकार्डवाला प्रकार आधी करून बघायला हरकत नाही, पण कामासाठी तो लॅपटॉप भरवशाचा आहे का, बॅटरी, पंखा, प्रोसेसर, हे बघा. प्लगइन (आवाजावर इफेक्ट करणारे छोटे प्रोग्रॅम) लावून मिक्स ऐकायचं असेल तर त्या काळच्या प्रोसेसरचा दम लवकर संपतो.

खिडकीपाशी

आणखी एक रस्ता आहे तो कोणी सांगितला नाही म्हणून लिहितो, एम.२. लॅपटॉपच्या आत एसएसडीचा जो स्लॉट असतो, 'की-एम' नावाच्या खाचेचा, तो म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या चार लेन. त्याला लावायचे अडॅप्टर असतात, चपटी केबल बाहेर काढून स्लॉटवाल्या बोर्डला. काही नवीन लॅपटॉपांना तर ऑक्युलिंकचं (पीसीआय एक्सप्रेस केबलने बाहेर नेण्याचं) कनेक्टर तयार बाहेरच दिलेलं असतं, चौथ्या पिढीच्या चार लेन म्हणजे ६४ गिगाबिट, थंडरबोल्ट ३ पेक्षा सरळ जास्त.

पण तुमच्यासारख्या फिरतीच्या कामाला मी हे सुचवणार नाही. मागचं कव्हर उघडं ठेवावं लागतं किंवा फट पाडावी लागते, दुसरा एम.२ स्लॉट नसेल तर विंडोज असलेली एसएसडीच काढावी लागते, आणि चालू असताना केबल काढता-घालता येत नाही, आधी पूर्ण बंद करायचं. एका जागी ठेवलेल्या लॅपटॉपला बाहेरचं ग्राफिक्स कार्ड लावायचं असेल तर मात्र उत्तम. वायफायच्या स्लॉटमधूनही एक लेन निघते, पण वायफाय जातं आणि काही कंपन्या बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) त्या स्लॉटवर ठरावीक कार्डांनाच परवानगी देतात, मग लॅपटॉप सुरूच होत नाही.

मध्यरात्र

खिडकीपाशी यांनी छान सांगितलं. तारबेतार, तुम्ही बॉक्स घेणार असाल तर आणखी दोन-तीन गोष्टी, या आधी कळल्या तर खूप वेळ वाचतो.

बॉक्ससोबत आलेलीच केबल वापरा. थंडरबोल्ट ३ ची साधी म्हणजे पॅसिव्ह केबल अर्ध्या मीटरच्या पुढे गेली की बहुतेक वेळा वेग निम्म्यावर येतो, आणि मोबाइल चार्जरची यूएसबी-सी केबल तर दिसायला हुबेहूब तशीच पण कामाची अजिबात नाही. केबलच्या टोकावर वीज आणि शेजारी ३ किंवा ४ चा आकडा असतो तो बघून घ्या.

जोडल्यावर कार्ड दिसलं नाही तर लगेच बॉक्स परत करू नका. बायोसमध्ये थंडरबोल्टची किंवा पीसीआय एक्सप्रेस टनेलिंगची (ते केबलमधून नेण्याची) परवानगी बंद असू शकते, थंडरबोल्ट ३ च्या लॅपटॉपांत तर विंडोजमध्ये परवानगीची खिडकी येते आणि तिथे नेहमी जोडा असं निवडावं लागतं. लिनक्सवर बोल्टसीटीएल नावाची कमांड आहे, तिने नोंदणी करायची. हे सगळं उगाच नाही, पीसीआय एक्सप्रेसवर जोडलेलं यंत्र थेट मेमरी वाचू शकतं, म्हणून विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून कर्नल डीएमए संरक्षण (अशा थेट वाचनाला आवर घालणारं) आलं. नेटवर ते सरळ बंद करा असे सल्ले मिळतील, तसं करू नका, खास करून तुम्ही लॅपटॉप घेऊन दहा ठिकाणी फिरत असाल तर. तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर जुन्या पद्धतीचा असेल तर या संरक्षणामुळे एवढंच होईल की लॉगिन केल्यानंतरच कार्ड जागं होईल, तेवढं थांबायचं.

आणि मधूनच टिक टिक असे बारीक आवाज आले तर ड्रायव्हर बदलायच्या आधी पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन पीसीआय एक्सप्रेसखाली लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करा. लॅपटॉप वीज वाचवायला ती लिंक झोपवत राहतो, ऑडिओला ते चालत नाही.

तारबेतार

अपडेट देतो. मॅन्युअल मिळालं, डाव्या पोर्टाला थंडरबोल्ट ३ ची साधनं चालतात असं स्पष्ट लिहिलंय. जुन्या लॅपटॉपचा स्लॉटही टॉर्च मारून बघितला, तिरपा तुकडा आहे, म्हणजे एक्सप्रेसकार्डच. पण लोहचुंबक म्हणाले तसं त्याच्यावर प्लगइन चालवणं जड जातं, आत्ताच दोन रिव्हर्ब लावले की अडखळतो. म्हणून नवीन लॅपटॉपसाठी बॉक्सच घेतोय. पायरी_पायरी, तुमचाही विचार केला, पण प्रीअँप आहेत माझ्याकडे आणि त्यांचा आवाज मला सोडायचा नाही.

शेवटचे दोन प्रश्न. एक, बॉक्स निवडताना कार्डाची मापं कशी बघायची? दोन, ऑडिओ कार्ड काढून त्या जागी कॅप्चर कार्ड लावायचं असेल तर लॅपटॉप चालू असताना चालतं का?

जुनीपेटी

आधी कार्ड खरंच एक्सप्रेस आहे ना ते एकदा बघा, जुन्या ऑडिओ कार्डांमध्ये साधं पीसीआयवालं आणि एक्सप्रेसवालं अशी जुळी भावंडं एकाच नावाने विकली गेली आहेत. एका लेनच्या एक्सप्रेस कार्डाची सोनेरी कडा अडीच सेंटिमीटरच असते आणि खाच पत्र्याच्या पट्टीजवळ असते, साध्या पीसीआयची कडा साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास लांब. साधं पीसीआय निघालं तर बॉक्समध्ये बसणारच नाही, मध्ये ब्रिज चिप (दोन्हींत भाषांतर करणारी) असलेला वेगळा बोर्ड लागतो.

मग कार्डाची लांबी मोजा, पत्र्याची पट्टी धरून नाही, पट्टीपासून पुढे. आणि पट्टी पूर्ण उंचीची आहे की बुटकी ते बघा, बरेच छोटे बॉक्स बुटकीच घेतात. मागच्या जाड केबलचा प्लग मोठा असतो, तो बॉक्सच्या पत्र्यात अडकत नाही ना हे फोटो बघून ठरवा, माप बरोबर असून इथेच अडतं. कॅप्चर कार्ड चार लेनचं असेल तर बॉक्सचा स्लॉट आतून चार लेनचा जोडलेला आहे का हेही वाचा, स्लॉट लांब दिसला म्हणजे सगळ्या लेन जोडलेल्या असतातच असं नाही.

मध्यरात्र

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, थंडरबोल्टची केबल चालू लॅपटॉपला लावता-काढता येते, पण आधी रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम बंद करा आणि टास्कबारमधून डिव्हाइस सुरक्षित काढा, नाहीतर ड्रायव्हर निळा पडदा दाखवू शकतो. बॉक्सच्या आतलं कार्ड मात्र बॉक्सची वीज पूर्ण काढल्याशिवाय हलवायचं नाही, केबल काढली तरी बॉक्सचा सप्लाय चालू असेल तर स्लॉटवर व्होल्टेज राहू शकतं. प्लग काढा, बॉक्सवर दिवा असेल तर तो विझू द्या, मग स्क्रू खोला.

तारबेतार

कार्ड काढून मोजलं, कडा अडीच सेंटिमीटर, खाच पट्टीकडे, म्हणजे एक्सप्रेसच. पट्टी पूर्ण उंचीची आहे, म्हणून बुटके बॉक्स यादीतून गेले. चार लेनचा, पूर्ण उंचीचा बॉक्स मागवतोय. आला की टिक टिक होते का ते इथेच लिहीन, जुनीपेटी, मध्यरात्र, लोहचुंबक, खिडकीपाशी, पायरी_पायरी सगळ्यांचे खूप खूप आभार.